डायलिसिसचा फिस्टुला : शस्त्रक्रिया आणि तिचे बिल

मागील महिन्यात एक निवृत्त प्राथमिक शिक्षक आपल्या मुलाला घेऊन दवाखान्यात आले. प्रकृती दाखवायला नव्हे, कागद दाखवायला. गुरुजींना जुना मधुमेह. गेल्या वर्षी दोन्ही मूत्रपिंडे निकामी झाली आणि शहरातल्या एका रुग्णालयात डायलिसिस सुरू झाले. मुलाने कापडी पिशवीतून बिलांची चळत काढून टेबलावर ठेवली आणि म्हणाला, ‘‘डॉक्टरसाहेब, बाबांच्या डाव्या हाताचं ऑपरेशन दोनदा झालं. दोन्ही वेळचे पैसे आम्ही भरले. विमा कंपनी म्हणते, एकच बिल तुम्ही दोनदा पाठवलंय. आता आम्ही खोटे ठरलो की काय?’’

कागद पाहिले. पहिल्या डिस्चार्ज कार्डावर लिहिले होते, ‘ए. व्ही. फिस्टुला, डावा हात’. अडीच महिन्यांनंतरच्या दुसऱ्या कार्डावरही शब्दशः तेच. निदान तेच, सर्जन तेच, रुग्णालय तेच. फरक होता तो तारखेचा आणि थोडासा रकमेचा. कंपनीत बसलेल्या माणसाने यावरून काय समजावे? गुरुजींनी मात्र काही न बोलता सदऱ्याची बाही वर केली. मनगटाजवळ एक व्रण होता आणि कोपराच्या खोलगट भागात दुसरा. हातावर जे स्पष्ट दिसत होते ते कागदावर कुठेच नव्हते.

(गुरुजींच्या परवानगीने ही हकिगत लिहीत आहे. नाव-गाव मुद्दाम दिलेले नाही.)

डायलिसिसविषयी या सदरात पूर्वी लिहून झाले आहे. पण ज्या वाटेने डायलिसिस होते त्या वाटेची शस्त्रक्रिया, आणि तिच्या बिलाचे कागद, यांविषयी वाचक वारंवार विचारतात. म्हणून या आठवड्यात तोच विषय घेतला आहे.

रक्त बाहेर काढायचे कोठून?

डायलिसिसच्या यंत्राला दर मिनिटाला साधारण अडीचशे ते तीनशे मिलिलिटर रक्त लागते, तेही सलग चार तास. आपल्या हातावर ज्या निळसर शिरा दिसतात त्या म्हणजे नीला. त्यांतून रक्त संथ वाहते, त्यांचा पडदा पातळ असतो. इतके रक्त त्या देऊ शकत नाहीत. रोहिणीत, म्हणजे जिची नाडी आपण मनगटाशी पाहतो तिच्यात, जोर भरपूर असतो. पण ती खोल असते, आणि आठवड्यातून दोन-तीनदा तिच्यात जाड सुई खुपसणे धोक्याचे आहे.

यावर सुचलेली युक्ती सोपी आहे. नीला कापून तिचे तोंड शेजारच्या रोहिणीला शिवून टाकायचे. रोहिणीचे जोरकस रक्त नीलेत शिरते, नीला हळूहळू फुगते, तिचा पडदा जाड होतो आणि ती सुया सोसण्याजोगी होते. या जोडाला म्हणतात आर्टेरिओ-व्हीनस फिस्टुला. जोड चांगला असेल तर त्यावर बोट ठेवल्यास मांजर घुरघुरल्यासारखी थरथर जाणवते. जोड घातल्याबरोबर तो वापरता येत नाही. तयार व्हायला सहा ते आठ आठवडे, कधी त्याहून जास्त लागतात. ही गोष्ट वाचकांनी नीट लक्षात ठेवावी, कारण बिलाचे निम्मे दुखणे येथूनच सुरू होते.

१९६० सालापर्यंत दर डायलिसिसला नवी रक्तवाहिनी उघडावी लागे, म्हणून जुनाट मूत्रपिंडविकाराच्या रोग्याला ते काही दिवसांपलीकडे देताच येत नसे. त्या साली अमेरिकेतील सिएटल येथे डॉ. बेल्डिंग स्क्रिब्नर यांनी रोहिणी आणि नीला यांना बाहेरून जोडणारी टेफ्लॉनची नळी वापरली. रोगी जगू लागले, पण नळी बाहेर असल्याने जंतुसंसर्ग होई आणि रक्त साखळे. १९६६ साली न्यूयॉर्कमधील ब्रेशिया आणि सिमिनो या डॉक्टरांनी, सर्जन अॅपेल यांच्या साहाय्याने केलेला, कातडीखालचा जोड प्रसिद्ध केला. मनगटावरच्या फिस्टुलाला आजही जुने सर्जन ‘सिमिनो’ म्हणतात.

एक नाव, अनेक शस्त्रक्रिया

‘फिस्टुला’ या एका शब्दाखाली निरनिराळ्या शस्त्रक्रिया मोडतात. सर्वसाधारणपणे प्रथम मनगट पाहिले जाते. बहुधा कमी वापराचा हात, म्हणजे उजव्या माणसाचा डावा. मनगटावरचा जोड बंद पडला किंवा तेथील नीला बारीक निघाली, तर कोपराशी जोड घालतात. दंडाच्या आतील बाजूची नीला वापरायची झाल्यास ती खोल असते. तिला मोकळी करून कातडीजवळ आणून ठेवावे लागते आणि हे काम काही वेळा दोन टप्प्यांत, काही आठवड्यांच्या अंतराने केले जाते. रुग्णाच्या स्वतःच्या नीला अजिबात उपयोगी नसतील तर कृत्रिम नळी, म्हणजे ग्राफ्ट, बसवतात. तिची किंमत बिलात वेगळी लागते.

शिवाय फिस्टुला तयार होईपर्यंत थांबायला वेळ नसेल तर मानेच्या नीलेत डायलिसिसची कॅथेटर घालावी लागते. ती दोन प्रकारची असते. थोड्या दिवसांची तात्पुरती आणि कातडीखालून बोगदा करून बसवलेली, जिला रुग्णालयात ‘परमकॅथ’ म्हणतात. दोहोंच्या किमतीत मोठा फरक आहे. गळपट्टीच्या हाडाखालची नीला यासाठी शक्यतो टाळावी असे आता मानले जाते, कारण ती पुढे अरुंद होऊन त्या बाजूचा हात फिस्टुलाला निकामी होऊ शकतो.

आणि सगळेच फिस्टुला तयार होत नाहीत. उत्तम सर्जनाच्या हातचेही काही बंद पडतात. मधुमेही, वृद्ध, वर्षानुवर्षे हातावर सलाईन लागलेले रुग्ण यांच्यात हे प्रमाण अधिक. गुरुजींचा मनगटावरचा जोड तिसऱ्या आठवड्यात थंड पडला. त्यात कोणाची चूक नव्हती. चूक झाली ती पुढे, लिहिताना. मी हे दुसऱ्यांकडे बोट दाखवून म्हणत नाही. गर्दीच्या दिवशी ‘फिस्टुला केला’ एवढेच लिहून मीही कार्डे हातावेगळी केली आहेत.

अमेरिकेतले आकडे

आपल्या जिल्ह्यातील कित्येक पदवीधर मुले-मुली पुण्या-मुंबईच्या कंपन्यांत ‘मेडिकल कोडिंग’ करतात. आईवडिलांना हे काम नेमके काय ते सांगता येत नाही. अमेरिकेतील डॉक्टरांनी लिहिलेले शस्त्रक्रियेचे टिपण वाचून त्याला ठरलेला क्रमांक द्यायचा, हेच ते काम. त्या क्रमांकावर विमा कंपनी पैसे देते. तेथील वैद्यक संघटनेची ही क्रमांकमाला योगायोगाने १९६६ सालीच, म्हणजे सिमिनो फिस्टुलाच्याच वर्षी, सुरू झाली.

त्या मालेत रोहिणी-नीलेच्या थेट जोडाचा क्रमांक ३६८२१. दंडाची खोल नीला जागा बदलून वापरली तर ३६८१९, कृत्रिम नळी बसवली तर ३६८३०. म्हणजे टिपणात ‘फिस्टुला केला’ एवढेच असेल तर कोडिंग करणाऱ्या मुलीला पुढे जाताच येत नाही. कोणती रोहिणी, कोणती नीला, नीला जागेवरच ठेवली की हलवली, हे सर्जनने लिहिलेलेच हवे. त्या धंद्यात एक पक्का नियम आहे : जे लिहिले नाही ते केले नाही.

गुरुजींच्या प्रकरणाशी याचा संबंध असा. मनगट काय आणि कोपर काय, थेट जोडाचा क्रमांक एकच, ३६८२१. मग एकाच माणसाच्या एकाच हातावर तो दोनदा आला तर? शिवाय अशा मोठ्या शस्त्रक्रियेच्या मोबदल्यात पुढच्या ९० दिवसांची देखभाल धरलेली असते. त्या मुदतीत त्याच सर्जनने पुन्हा शस्त्रक्रिया केली तर क्रमांकापुढे दोन आकडी खूण जोडावी लागते. आधीच ठरलेला पुढचा टप्पा असेल तर ५८, आधीच्या शस्त्रक्रियेतून उद्भवलेल्या कारणासाठी पुन्हा टेबलावर घ्यावे लागले तर ७८, संबंध नसलेली वेगळीच शस्त्रक्रिया असेल तर ७९. डावा-उजवा हात दाखवणारी खूण आणखी निराळी. ती खूण राहिली की तेथेही बिल परत येते. सांगायचे तात्पर्य, ‘दुसऱ्यांदा का?’ हा प्रश्न विमा कंपनी जगात सगळीकडे विचारते. तेथे उत्तर दोन आकड्यांत देतात, आपल्याकडे ते डिस्चार्ज कार्डावर शब्दांत द्यावे लागते.

आपल्याकडे आकडे अजिबात नाहीत असे मात्र नाही. मेडिक्लेमच्या अर्जाचे दोन भाग असतात. ‘अ’ भाग रुग्णाने भरायचा, ‘ब’ भाग रुग्णालयाने. विमा नियामक प्राधिकरणाने ठरवून दिलेल्या या ‘ब’ भागात रोगाचा आंतरराष्ट्रीय क्रमांक लिहायला रकाने आहेत आणि शस्त्रक्रियेचा सात खुणांचा क्रमांक लिहायलाही आहेत. जुनाट मूत्रपिंडविकाराची पाचवी, म्हणजे शेवटची, पायरी एन १८.५ या क्रमांकाने दाखवतात. डायलिसिसवर अवलंबून असलेला रुग्ण झेड ९९.२. शस्त्रक्रियेच्या सात खुणांत मनगटाची रोहिणी आणि दंडाची रोहिणी यांची चिन्हे निरनिराळी आहेत. हा रकाना नीट भरला असता तर गुरुजींची दोन बिले एकसारखी दिसलीच नसती. परंतु माझ्या पाहण्यातील बहुतेक अर्जांवर हे रकाने कोरे असतात. अर्ज हातून जाण्यापूर्वी ‘ब’ भागावर नजर टाकावी. कोरा रकाना दिसला तर बिलिंग खिडकीवर नम्रपणे विचारावे.

रोगाच्या नावाबाबतही घोटाळे होतात. एका कागदावर ‘अॅक्यूट’, म्हणजे अचानक उद्भवलेला मूत्रपिंडविकार, आणि दुसऱ्यावर ‘क्रॉनिक’, म्हणजे जुनाट, असे असेल तर कंपनी शंका काढणारच. अचानक बिघडलेले मूत्रपिंड पुष्कळदा सुधारते. त्यासाठी कायमचा फिस्टुला करत नाहीत.

मधुमेह किती वर्षांचा?

दाखल होताना कनिष्ठ डॉक्टर विचारतात, ‘मधुमेह किती वर्षांपासून?’ घाईत कोणी नातेवाईक ‘दहा-पंधरा वर्षं’ असे सांगतो आणि तेच केसपेपरवर जाते. पुढे कंपनी तोच कागद पुढे करते. विमा घेतला त्याच्या आधीपासून असलेल्या आजारासाठी प्रतीक्षा काळ असतो. १ एप्रिल २०२४ पासूनच्या नियमांनुसार तो जास्तीत जास्त ३६ महिने आहे, पूर्वी ४८ होता. तसेच विमा सलग ६० महिने चालू राहिला असेल तर फसवणूक सिद्ध केल्याखेरीज, माहिती लपवली या कारणावरून कंपनीला दावा नाकारता येत नाही. म्हणून माहिती खरीच द्यावी, पण नेमकी द्यावी. जुनी चिठ्ठी जवळ असेल तर तिच्यावरची तारीख सांगावी. ‘वर्षं कमी करून लिहा’ असा आग्रह डॉक्टरांना कोणी करू नये. तो कागद एक दिवस उलटतो.

आणखी एक गैरसमज. फिस्टुलाची शस्त्रक्रिया बहुधा तेवढाच भाग बधिर करून होते आणि रुग्ण पुष्कळदा त्याच दिवशी घरी जाऊ शकतो. ‘चोवीस तास झाले नाहीत तर क्लेम बसत नाही’ म्हणून काही जण उगाच एक रात्र काढतात. डायलिसिसला आणि पॉलिसीत धरलेल्या दिवसभराच्या शस्त्रक्रियांना ही अट लागत नाही. आपल्या पॉलिसीत काय आहे ते आधी विचारून घ्यावे. उगाच काढलेल्या रात्रीचे खोलीभाडे कंपनी कापते आणि ते आपल्याच खिशातून जाते.

सरकारी योजना

विमा नसलेल्यांची संख्या मोठी आहे. आपल्या राज्यात २०१२ साली आठ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू झाली, २०१३ च्या अखेरीस ती राज्यभर झाली, आणि २०१७ पासून तिचे नाव महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना असे आहे. आरंभी पिवळ्या आणि केशरी शिधापत्रिकेवर दीड लाखापर्यंत उपचार मिळत. २०२३ च्या शासन निर्णयाने ही योजना पांढऱ्या शिधापत्रिकेसह सर्वांसाठी खुली करण्यात आली आणि मर्यादा दर कुटुंबास वर्षाला पाच लाख झाली.

या योजनेत डायलिसिस आणि फिस्टुला यांची पॅकेजे वेगवेगळी आहेत. वाचकांची येथेच फसगत होते. डायलिसिसची मंजुरी मिळाली म्हणजे फिस्टुलाचीही मिळाली असे होत नाही. तिची मंजुरी वेगळी घ्यावी लागते आणि तीही शस्त्रक्रियेपूर्वी. आधी रोख भरून मग योजनेत बसवू, असे जमत नाही. अंगीकृत रुग्णालयात ‘आरोग्यमित्र’ नावाचा माणूस बसलेला असतो, प्रथम त्याला गाठावे. पॅकेजमध्ये खाट, औषधे, तपासण्या, शस्त्रक्रिया, जेवण हे सगळे धरलेले असते. त्यावर ‘साहित्याचे’ म्हणून निराळे पैसे कोणी मागितले तर पावती मागावी आणि योजनेच्या १५५३८८ या क्रमांकावर तक्रार करावी.

२०१६ साली जाहीर झालेल्या राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमात जिल्हा रुग्णालयांतून दारिद्र्यरेषेखालील रुग्णांना मोफत डायलिसिस मिळते. पण यंत्र आहे तेथे फिस्टुला करणारा सर्जन असेलच असे नाही. रक्तवाहिन्यांचे सर्जन, मूत्ररोगतज्ज्ञ, काही ठिकाणी प्लास्टिक सर्जन हे काम करतात. आपल्या जिल्ह्यात ते कोण करते, ही चौकशी डायलिसिस सुरू होण्याच्या काही महिने आधीच करावी.

सगळ्यात महाग फिस्टुला हा उशिरा केलेला फिस्टुला होय. क्रिएटिनिन वाढत जाते, डॉक्टर सांगतात, ‘हात करून घ्या.’ घरचे म्हणतात, ‘अजून लघवी होतेय की.’ मग एका रात्री दम लागतो, धावपळ करून मानेत नळी घालतात आणि तिचे बिल येते. काही दिवसांत थंडी वाजून ताप, म्हणजे नळीचा जंतुसंसर्ग, त्यासाठी पुन्हा दाखल. दुसरी नळी. आणि एवढे करून फिस्टुला करावा लागतोच. आठवड्याला तीन याप्रमाणे वर्षाला १५६ डायलिसिस होतात, दोन धरले तरी १०४. त्या खर्चावर हा चुकवता येण्याजोगा खर्च म्हणजे दुष्काळात तेरावा महिना. मूत्रपिंडविकार असल्याचे कळले त्या दिवसापासून डाव्या हातावर (डावखुऱ्याने उजव्या) रक्त काढू देऊ नये, सलाईन लावू देऊ नये. तपासणीला मागायला आलेल्या माणसापुढे दुसरा हात करावा, किंवा पंजाची मागची बाजू. याला पैसा पडत नाही.

कागद कोणते जपावे?

डिस्चार्ज कार्ड घरी नेण्यापूर्वी तेथेच उभे राहून वाचावे. कोणता हात, मनगट की कोपर, कोणती रोहिणी कोणत्या नीलेला जोडली, पहिलीच वेळ की आधीची बंद पडली म्हणून, आणि टप्प्याची शस्त्रक्रिया असेल तर कितवा टप्पा, एवढे त्यावर हवे. कॅथेटर असेल तर कोणत्या बाजूला, तात्पुरती की बोगद्याची, आणि तिच्या वेष्टनावरचा स्टिकर. ग्राफ्टचाही स्टिकर जपून ठेवावा. शस्त्रक्रियेआधी आणि फिस्टुला बंद पडल्यावर केलेल्या डॉपलर तपासणीचा अहवाल तर सोन्यासारखा सांभाळावा. तपशीलवार बिल मागावे. ‘शस्त्रक्रिया खर्च’ अशी एकच ओळ असलेली पावती कोणत्याही कंपनीत चालत नाही. आपल्या केसपेपरची प्रत मागण्याचा रुग्णाला हक्क आहे आणि वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारनियमांनुसार ती ७२ तासांत द्यावी लागते. मागणी लेखी करावी आणि पोच घ्यावी.

एवढे करूनही दावा नाकारला गेला तर प्रथम कंपनीच्याच तक्रार कक्षाकडे लेखी जावे. महिनाभरात उत्तर आले नाही किंवा पटले नाही तर विमा लोकपालाकडे जाता येते. महाराष्ट्रात मुंबई, ठाणे आणि पुणे येथे ही कार्यालये आहेत. तेथे वकील लागत नाही, फी नाही. मात्र कंपनीने नकार दिल्यापासून एक वर्षाच्या आत जावे.

फिस्टुलाची थरथर रोज सकाळी आणि रात्री बोटाने पाहावी. ती थांबली तर ‘उद्या डायलिसिस आहेच, तेव्हा सांगू’ असे करू नये, त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. साखळलेले रक्त लवकर काढले तर जोड कधी कधी वाचतो. ती शस्त्रक्रियाही निराळी आणि तिचे बिलही निराळे, तेव्हा कार्डावर ‘गुठळी काढली’ हे शब्द हवेत.

गुरुजींच्या सर्जनना मी पत्र लिहिले. त्यांनी दुसऱ्याच दिवशी चार ओळींचे प्रमाणपत्र दिले : पहिला जोड मनगटावर, तो बंद पडला, दुसरा जोड कोपराशी, वेगळ्या रोहिणीवर. सोबत मधल्या काळातला डॉपलरचा अहवाल जोडला, तो मुलाच्या पिशवीत तळाशी सापडला. पाच आठवड्यांनी कंपनीकडून पैसे जमा झाले, हातमोजे वगैरेंचे कापून. मानेच्या कॅथेटरचे बिल अजून अडकले आहे. त्या कागदावर नळी कोणत्या बाजूची आणि कोणत्या प्रकारची ते लिहिलेलेच नाही. येत्या मंगळवारी गुरुजी तो कागद घेऊन रुग्णालयात जाणार आहेत. त्या दिवशी त्यांचे डायलिसिस आहेच.